गिअर अडकतोय म्हणून लगेच इंजिन खोलू नका: जुन्या बाईकचं दुखणं बाहेरून आत कसं शोधायचं

२०२५ मध्ये महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची धावपळ झाली ती आठवत असेलच. १ एप्रिल २०१९ च्या आधी रजिस्टर झालेल्या सगळ्या गाड्यांना ती प्लेट लावायची होती, मुदत परत परत वाढत गेली, आणि त्या निमित्ताने जिन्याखालून, गोठ्यातून, ताडपत्रीखालून बऱ्याच जुन्या गाड्या बाहेर निघाल्या. बाबांची सीडी १००, काकांची बॉक्सर, कुणाची आरएक्स १००, आणि स्प्लेंडर तर घरटी एक. बॅटरी बदलली, प्लग साफ केला, चार किका मारल्या, गाडी सुरू झाली. पण पहिला गिअर टाकला की खाडकन उडी मारून बंद, नाहीतर सिग्नलला न्यूट्रलच सापडत नाही, नाहीतर तिसऱ्यातून आपोआप बाहेर. मग गॅरेजमध्ये गेल्यावर एकच वाक्य ऐकायला मिळतं, "गिअरबॉक्स गेलाय, इंजिन उतरवावं लागेल."

कधी कधी ते खरंही असतं. पण माझं स्पष्ट मत आहे की गिअरच्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारींचं कारण गिअरबॉक्समध्ये नसतंच, ते वायरमध्ये, ऑइलमध्ये, क्लचमध्ये किंवा त्या बिचाऱ्या पायाखालच्या लिव्हरमध्ये असतं. फक्त शोधायची दिशा बाहेरून आत हवी, आतून बाहेर नको.

आधी आत काय होतं ते बघू

बऱ्याच जणांना वाटतं की गिअर टाकला की आत एक चाक दुसऱ्यापासून सुटतं आणि तिसऱ्याला जाऊन भिडतं. बाईकमध्ये तसं नसतं. आत दोन शाफ्ट असतात, त्यांच्यावर गिअरच्या जोड्या, आणि या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच फिरत असतात. मात्र प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरतं, म्हणजे फिरतं पण शाफ्टला ओढत नाही. त्याच्या शेजारचं चाक शाफ्टवर डावी-उजवीकडे सरकू शकतं आणि त्याच्या कडेला जाड खुंटासारखे दाते असतात, त्यांना डॉग म्हणतात. हे डॉग बाजूच्या मोकळ्या चाकाच्या खाचांत घुसले की ते चाक शाफ्टशी बांधलं जातं, आणि आपण म्हणतो गिअर पडला.

हे सरकवायचं काम कोण करतं, तर तुम्ही लिव्हर दाबता, लिव्हर वेगळाच एक गिअर शाफ्ट फिरवते, तो शाफ्ट एका ड्रमला एक घर पुढे ढकलतो, ड्रमवर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात, त्या खाचांत फोर्क, म्हणजे काट्यासारखे तुकडे, बसलेले असतात, आणि फोर्क चाकं सरकवतात. एवढ्या लांबच्या साखळीत कुठेही थोडा ढिलेपणा आला की पायाला तो "गिअर नीट पडत नाही" असाच जाणवतो.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. डॉगवर जोर असेल तेव्हा ते सरकत नाहीत. इंजिन चाकाला ढकलत असताना डॉगच्या बाजू खाचेच्या भिंतीवर घट्ट दाबलेल्या असतात, त्या घर्षणामुळे कितीही लिव्हर दाबली तरी ते जागचे हलत नाहीत. क्लच दाबला की इंजिनचा जोर तुटतो, डॉग सैल होतात, गिअर लोण्यासारखा पडतो. म्हणजे क्लच अर्धाच सुटत असेल तर गिअरबॉक्स अगदी कोरा करकरीत असला तरी गिअर अडकणारच. म्हणून तपास क्लचपासून.

क्लच सुटत नाही की धरत नाही?

आपल्या बहुतेक बाईकमध्ये क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घर्षणाचा थर लावलेल्या क्लच प्लेटा आणि साध्या लोखंडी प्लेटा एकाआड एक रचलेल्या, वरून स्प्रिंगांचा दाब. पहिल्या प्लेटा इंजिनच्या बाजूने फिरतात, दुसऱ्या गिअरबॉक्सच्या बाजूने. दाब असला की सगळी चवड एकत्र फिरते. हातातली क्लच लिव्हर ओढली की दाब जातो आणि प्लेटा एकमेकींपासून मोकळ्या व्हायला पाहिजेत. पण गाडी महिनोन्महिने उभी असेल तर रात्रीच्या चपात्या डब्यात एकमेकींना चिकटतात ना, तशा या प्लेटा जुन्या ऑइलने चिकटून बसतात. ताडपत्रीखालून काढलेली गाडी पहिल्या गिअरला उडी मारून बंद पडते ती यामुळे.

तर दोन उलटे आजार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. क्लच पूर्ण सुटत नाही, त्याला ड्रॅग म्हणतात: गिअर कडक, पहिला टाकताना खाडकन आवाज, न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे ओढते. क्लच पूर्ण धरत नाही, ती स्लिप: गिअर मस्त पडतात, पण कात्रजच्या चढावर चौथ्यात अॅक्सिलेटर पिळला की इंजिनचा आवाज चढतो आणि स्पीड तिथेच. स्लिपमध्ये गिअर अडकण्याची तक्रार सहसा नसतेच. त्यामुळे गिअर अडकतोय म्हटल्यावर कुणी न बघता सरळ क्लच प्लेटा बदलायला निघाला तर त्याला जरा थांबवा, प्लेटा घासून पातळ झाल्या की त्रास स्लिपचा होतो.

एक टेस्ट, जी फुकट आहे

गाडी चांगली वीस-पंचवीस मिनिटं चालवून गरम करा. मग थांबून, क्लच दाबून न्यूट्रल शोधा. सापडत नाही? तसाच क्लच दाबून ठेवून इंजिन बंद करा आणि परत गिअर लिव्हर हलवा. आता जर अलगद न्यूट्रल आला तर गिअरबॉक्स ठीक आहे आणि क्लच ड्रॅग करतोय, कारण इंजिन बंद होताच डॉगवरचा जोर गेला. इंजिन बंद असतानाही लिव्हर दगडासारखी असेल किंवा अर्ध्यात अडकत असेल तर मात्र दोष लिव्हर, शाफ्ट, ड्रम या साखळीत आहे.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. बंद गाडी एका जागी उभी असताना सगळे गिअर लिव्हरने पडत नाहीत आणि ते नॉर्मल आहे. डॉग खाचेसमोर नसून दोन खाचांच्या मधल्या भागावर टेकलेले असतात, घुसणार कसे? गाडी थोडी पुढे-मागे हलवत लिव्हर दाबा, पडतात. सेकंडहँड गाडी बघायला गेलेले लोक स्टँडवर लावून, बंद गाडीचे गिअर टाकून बघतात आणि तिसरा पडत नाही म्हणून भाव पाडतात, ते काही खरं नाही.

दुसरी टेस्ट: मेन स्टँडवर गाडी, इंजिन सुरू, क्लच दाबून पहिला गिअर. मागचं चाक थोडं फिरेल, ऑइलच्या चिकटपणाने तेवढं फिरतंच, थंड इंजिनला जरा जास्त. हलकासा ब्रेक लावला की चाक थांबलं आणि इंजिनला काही फरक पडला नाही तर ठीक. ब्रेक लावताच इंजिन दबायला किंवा बंद पडायला लागलं तर क्लच सुटत नाहीये. हे करताना चेनजवळ बोटं, फडकं, ओढणी काही नेऊ नका. चालू इंजिनवर गिअरमध्ये चेन पुसायची सवय असेल तर ती आजच सोडा, त्यात बोटं गेलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत.

आता दुरुस्ती, स्वस्तापासून

क्लच वायर. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी मोकळी हालचाल असावी, म्हणजे तेवढं अंतर लिव्हर सैल जाते आणि मग वजन लागतं. नक्की आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. ही मोकळी हालचाल, म्हणजे प्ले, जास्त झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही, अजिबात ठेवला नाही तर क्लच कायम थोडा दाबलेला राहून स्लिप होतो आणि प्लेटा जळतात. अॅडजस्टरचा नट फिरवून दोन मिनिटांत होणारं काम. वायर जुनी असेल तर आतले धागे तुटायला लागलेले असतात, लिव्हरजवळचं टोक बाहेर काढून बघा, एक जरी धागा तुटलेला दिसला तर नवीन टाका, काही शे रुपयांत काम होतं. आणि वायर कुठून नेलीय ते बघा, हँडल बदललं किंवा हेडलाइटचं काम झालं की बरेच जण ती वेडीवाकडी वळवून घुसवतात, मग हँडल डावीकडे वळवल्यावर क्लच वेगळा आणि उजवीकडे वळवल्यावर वेगळा.

मग ऑइल. स्प्लेंडर, पल्सर वगैरे चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांनाही एकच ऑइल असतं. ऑइल जुनं, जळकं, कमी झालेलं असेल तर गिअर कडक होणारच. उभ्या राहिलेल्या गाडीचं ऑइल काळं दिसत नसलं तरी बदला. आरएक्स १०० टू-स्ट्रोक, तिचं गणित वेगळं. टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, खाली वेगळा ड्रेन बोल्ट. "टू-टी टाकतोय की दर महिन्याला" असं म्हणणाऱ्या कित्येकांनी गिअर ऑइल कधीच बदललेलं नसतं. ते काढल्यावर दुधाळ चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय.

प्लेटा चिकटल्यात असं वाटलं तर आधी इंजिन गरम करा, बंद करा, दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून गाडी पुढे-मागे झटके देत हलवा. बऱ्याचदा प्लेटा सुटतात. नाही सुटल्या तर रात्रभर क्लच लिव्हर रबराने ग्रिपला बांधून ठेवा, सकाळी परत करा. तरी नाही, तर उजवं साईड कव्हर काढून प्लेटा बाहेर घ्या, साफ करा, वाकल्यात का ते काचेवर ठेवून बघा. तेव्हाच क्लच हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीच्या, बोटांकडे नीट बघा. प्लेटांचे कान त्या बोटांवर आपटून आपटून खड्डे पाडतात, मग प्लेट सरकायच्या ऐवजी खड्ड्यात अडकते. नवीन प्लेटा टाकूनही महिन्याभरात परत गिअर कडक झाला तर नव्याण्णव टक्के हेच. खड्डे बारीक असतील तर कानसने साफ करतात, खोल असतील तर हाउसिंग बदलणं बरं.

"महागडं कारचं ऑइल टाकलं तर अजून चांगलं ना?"

नाही. कारचा क्लच कोरडा, ऑइलच्या बाहेर. त्यामुळे कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, मायलेज वाढावं म्हणून. तेच ऑइल आपल्या बुडालेल्या क्लचला मिळालं की प्लेटा घसरायला लागतात. यासाठी जपानी लोकांनी १९९८ मध्ये जासो नावाचं स्टँडर्ड आणलं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ते ओल्या क्लचसाठी. एमबी लिहिलेलं असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, बाईकमध्ये नको. किंमत, ब्रँड, हिरोचा फोटो हे सगळं नंतर.

"जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका" हाही सल्ला मिळतो. गाडीला १० डब्ल्यू ३० या जाडीचं ऑइल सांगितलं असताना खूप जाड ऑइल टाकलं तर थंडीच्या सकाळी प्लेटांमधला चिकटपणा वाढून ड्रॅग उलट वाढतो. इंजिन धूर मारत असेल तर तो वेगळा आजार आहे, त्याचं औषध गिअरला कशाला?

लिव्हरच ढिली असेल तर

हे इतकं साधं आहे की कुणी बघतच नाही. गिअर लिव्हर शाफ्टवर बारीक दात्यांनी बसते आणि एका बोल्टने आवळलेली असते. बोल्ट सैल राहिला की दाते झिजतात, मग लिव्हर हलते पण शाफ्ट पूर्ण फिरत नाही, आणि गिअर अर्धवट पडतो. हाताने लिव्हर हलवून शाफ्टच्या टोकाकडे बघा, दोघं एकदम हलतायत का. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून लिव्हर शाफ्टला वेल्डिंग करून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण पुढे ऑइल सील बदलायचं झालं किंवा शाफ्ट बाहेर काढायचा झाला तर लिव्हर कापावी लागते, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने सील तिथेच जळतं. लिव्हर नवीन घ्या, शाफ्टचे दाते गेले असतील तर शाफ्टही.

गाडी डाव्या बाजूला पडली असेल तर लिव्हर वाकून इंजिनच्या कव्हरला किंवा फूटरेस्टला टेकते, तिला पूर्ण खाली जायला जागाच राहत नाही. शाफ्ट वाकला असेल तर लिव्हर दाबल्यावर परत मध्ये येत नाही, आणि मग पुढचा गिअर पडत नाही. कोकणातल्या गाड्यांत चिखल आणि गंजानेही हेच होतं, पुढच्या स्प्रॉकेटचं (चेनच्या दातेरी चाकाचं) कव्हर उघडलं की आत ग्रीस आणि मातीचा किलोभर गोळा निघतो. आधी तो काढा, मग बोलू.

आणि पायात काय आहे तेही बघा. पातळ स्लीपर घालून लिव्हर अर्धीच दाबली जाते, गिअर पूर्ण बसायच्या आत क्लच सुटतो, आणि दोन गिअरच्या मध्येच गाडी मोकळी फिरते, त्याला फॉल्स न्यूट्रल म्हणतात. लिव्हर शेवटपर्यंत दाबायची, क्लच सोडेपर्यंत पाय तिथेच ठेवायचा.

साईड कव्हरच्या आत, पण इंजिन न फोडता

स्प्लेंडरसारख्या गाडीत उजवं कव्हर आणि क्लच काढला की मागे तीन छोट्या गोष्टी दिसतात, आणि "गिअरबॉक्स गेला" म्हणून सांगितलेली बरीच कामं इथेच संपतात. एक, गिअर शाफ्टची रिटर्न स्प्रिंग, ती तुटली की लिव्हर लोंबकळते. दोन, त्या स्प्रिंगच्या मधला बोल्ट, तो सैल झाला की गिअर एकाच बाजूला नीट पडतात, वर जातात पण खाली येत नाहीत किंवा उलट. तीन, स्टॉपर. ड्रमच्या टोकाला चांदणीसारखी एक चकती असते, तिच्या खळग्यात स्प्रिंगच्या दाबाने एक छोटा रोलर बसतो आणि ड्रमला बरोबर घरात थांबवतो. ही स्प्रिंग मेली किंवा चकतीचा बोल्ट ढिला झाला की ड्रम अर्ध्यात थांबतो, सगळ्याच गिअरना फॉल्स न्यूट्रल येतात. या सुट्या भागांची किंमत इंजिन खोलण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. कव्हरचं पॅकिंग मात्र नवीनच टाका.

मग इंजिन खरंच कधी खोलायचं?

जेव्हा एकच ठराविक गिअर, समजा दुसरा, जोर लावला की उडी मारून बाहेर येतो आणि बाकीचे नीट आहेत. डॉगच्या बाजू अगदी सरळ नसतात, किंचित आत तिरक्या कापलेल्या असतात, म्हणजे जोर आला की ते एकमेकांना अजून आत ओढून धरतात. वर्षानुवर्षं अर्धवट गिअर टाकून ते कोपरे गोल झाले की उलटं होतं, जोर आला की ते एकमेकांना बाहेर ढकलतात. याला ऑइल, वायर, अॅडजस्टमेंट काहीही चालत नाही. ऑइल काढताना धातूचे कपचे निघाले तरी खोलावंच लागेल. राखाडी बारीक चुऱ्याला मात्र घाबरू नका.

"मी क्लच न दाबता गिअर टाकतो, कधी काही झालं नाही" असं सांगणारा एक मित्र सगळ्यांनाच असतो. अॅक्सिलेटर नेमक्या क्षणी सोडला तर डॉगवरचा जोर जातो आणि गिअर पडतो, हे बरोबर आहे. पण तो क्षण चुकला की दर वेळी डॉगचे कोपरे थोडे थोडे खाल्ले जातात, आणि ट्रॅफिकमध्ये, डबल सीट, तो क्षण किती वेळा जमणार?

खोलायचं ठरलं तर मिस्त्रींना आधीच सांगा: खराब चाकाबरोबर ज्याच्यात ते अडकतं ते चाकही बदला, नुसतं एक नको. फोर्कची टोकं झिजून निळी पडलीत का, वाकलाय का, ड्रमच्या खाचा झिजल्यात का हे दाखवायला लावा. बेअरिंग आणि सगळी ऑइल सीलं त्याच फेरीत. काढलेले भाग परत मागून घ्या.

बुलेट आणि येझदीवाल्यांसाठी थोडं

उजव्या बाजूला गिअर असलेल्या जुन्या बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी चेन (इंजिनकडून क्लचकडे जाणारी) आणि गिअरबॉक्स तिघांचं ऑइल वेगळं, आणि पहिला वर, बाकीचे तीन खाली. तिथे टाचेने दाबायची न्यूट्रलची छोटी लिव्हर असते, ती पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रलला आणते, पण क्लच नीट सुटत असेल तरच. बुलेटचे क्लच स्प्रिंग एकसारखे आवळलेले नसले तर प्रेशर प्लेट (स्प्रिंग जिच्यावर दाब देतात ती) तिरकी उचलली जाते, क्लच दाबून हळू किक मारताना ती डुलताना दिसते. येझदीत गिअर लिव्हर दाबली की ती स्वतःच क्लचही सोडते, त्यामुळे गिअर अडकत असेल तर हातातली वायर नीट असूनही आतली ती जोडणी अॅडजस्ट करावी लागते, आणि हे माहीत असलेला मिस्त्री शोधणं हेच खरं काम.

शेवटी चेनचं

कधी कधी गिअर नीट पडतो पण पडताना गाडी हिसका देते, ठक आवाज येतो. चेन खूप सैल असेल किंवा मागच्या हबमधले रबर चेंबले असतील तर असं होतं. कम्युटर गाड्यांत चेन मधोमध साधारण २० ते ३० मिमी वर-खाली हलावी. आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलेटर न पिळता इंजिन फिरतं तो वेग, जास्त ठेवलेलं असेल तरी पहिला गिअर खाडकन पडतो, त्याचा स्क्रू फिरवून ते आधी कमी करा. थंड इंजिनवर सकाळचा पहिला "ठक" मात्र बहुतेक गाड्यांत असतोच.

क्लचच्या नवीन प्लेटा टाकणार असाल तर आदल्या रात्री त्या इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवायला सांगा, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला जळू शकतात. आणि नवीन वायर पहिल्या काही दिवसांत ताणली जाते, तेव्हा आठवड्याने तो लिव्हरचा प्ले परत एकदा बघून घ्या.